मार्च-एप्रिलमधलं चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला: उरलेल्या बर्फातून पहिल्यांदाच चालणार असाल तर

उत्तराखंडमधला चोपता-तुंगनाथ सोपा ट्रेक आहे असं सगळेच सांगतात आणि मे-जूनमध्ये ते शंभर टक्के खरं आहे. दगडी फरसबंदीची वाट, मंदिरापर्यंत जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर, पंचकेदारांपैकी तिसरा केदार म्हणून यात्रेला आलेल्या साठी-सत्तरीच्या आज्यासुद्धा काठी टेकत आरामात चढतात. पण मार्चचा शेवट ते एप्रिलचा मध्य या काळात त्याच वाटेवर खाली बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) लालभडक फुललेला असतो आणि वर अजून बर्फ बसलेला असतो, आणि आपली मंडळी नेमकी तेव्हाच जातात कारण फुलं पण मिळतात आणि बर्फ पण. जावं की, हा त्या वाटेचा सगळ्यात देखणा काळ आहे, फक्त सोपा शब्द डोक्यातून काढून जावं.

सह्याद्रीवाल्यांसाठी आधी आकडे. कळसूबाई १६४६ मीटर. चोपता, म्हणजे जिथे गाडीतून उतरायचं ती जागा, साधारण २७०० मीटर. तुंगनाथ मंदिर ३६८० आणि त्याच्या डोक्यावरची चंद्रशिला जवळपास ४००० मीटर. म्हणजे चालायला सुरुवात करायच्या आधीच तुम्ही कळसूबाईच्या हजारेक मीटर वर असता.

दुसरी गोष्ट, आणि खरं तर हा सगळा लेख याच एका गोष्टीसाठी लिहितोय: या दिवसातला बर्फ सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकसारखा नसतो. रात्री गोठतो आणि पहाटे काचेसारखा कडक असतो, ऊन लागलं की वरचा थर मऊ होतो आणि तास-दोन तास चालायला मस्त असतो, मग दुपारी त्याचा लगदा होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. संध्याकाळी वितळलेलं पाणी पायऱ्यांवर परत गोठतं. त्यामुळे बूट कुठले, जॅकेट कुठलं यावर ग्रुपवर चार दिवस चर्चा करण्यापेक्षा किती वाजता कुठे असायचं हे आधी कागदावर लिहा.

निघायच्या आधी घरून करायचे फोन

इन्स्टावरची रील बघून बर्फाचा अंदाज बांधू नका, रील कधीची आहे कोणालाच माहिती नसतं आणि दरवर्षी बर्फ वेगळा असतो. एखाद्या वर्षी मार्चच्या मध्यालाच वाट उघडी पडते, एखाद्या वर्षी एप्रिलमध्ये परत फूटभर पडतो. त्यापेक्षा जिथे राहणार त्या होमस्टेवाल्याला दोन दिवस आधी फोन करा आणि तीनच प्रश्न विचारा. गाडी चोपत्यापर्यंत येते का अलीकडच्या दुगलबिट्टा-बनियाकुंडलाच थांबते? तुंगनाथपर्यंत वाट तुडवलेली आहे का? शेवटचा बर्फ कधी पडला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "बनियाकुंड" असेल तर तुमच्या ट्रेकमध्ये काही किलोमीटर डांबरी रस्त्यावरची, बर्फातली चाल वाढली, तेवढा वेळ धरा. तिसऱ्याचं उत्तर "काल" किंवा "परवा" असेल तर एक-दोन दिवस खाली काढा. ताजा बर्फ जुन्या कडक थरावर नीट बसलेला नसतो आणि उतारावरून घसरून येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते, साधारण तीस ते पंचेचाळीस अंशाच्या उतारावर तर विशेष.

हवामानासाठी हवामान खात्याच्या देहरादून केंद्राचा अंदाज बघा, त्यात रुद्रप्रयाग आणि चमोली हे दोन जिल्हे बघायचे (तुम्ही असणार रुद्रप्रयागमध्ये पण धारेच्या पलीकडे चमोली लागतो). वसंतातला बर्फ-पाऊस बहुतेक वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे (पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या हवामानाच्या पट्ट्यामुळे) येतो आणि तो दोन-तीन दिवस आधी अंदाजात दिसतो, म्हणजे आपल्याकडच्या वळवासारखा अचानक अंगावर येत नाही, बघायचे कष्ट फक्त घ्यावे लागतात. हिमस्खलनाचा इशारा चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधनातली संस्था जिल्हावार देते, तोही उघडून बघा. आणि घरी एका माणसाला कळवून ठेवा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर होमस्टेवाल्याला फोन कर, कारण वर नेटवर्कचा भरवसा नाही. अडचणीत नंबर ११२.

पोहोचणं

मुंबईहून हरिद्वारला थेट गाड्या आहेत, पुण्या-नाशिकवाले बरेचदा दिल्लीमार्गे जातात. हरिद्वार किंवा ऋषिकेशहून देवप्रयाग, श्रीनगर (गढवालचं, काश्मीरचं नव्हे), रुद्रप्रयाग, कुंड, ऊखीमठ असा रस्ता आहे. बस आणि शेअर जीप पहाटेच सुटतात, दहा वाजता आरामात नाश्ता करून स्टँडवर गेलात तर तो दिवस गेलाच समजा.

इथे एक कळकळीची विनंती, एका दमात चोपत्याला जाऊ नका. दिल्लीला विमानाने उतरून रात्रभर गाडी पळवून दुसऱ्या दिवशी २७०० मीटरवर झोपायचं आणि तिसऱ्या पहाटे ४०००वर चढायचं असे प्लॅन शनिवार-रविवार जोडून सुट्टी काढणारे सर्रास करतात आणि मग डोकं धरून बसतात. एक रात्र ऊखीमठला (साधारण १३०० मीटर) किंवा सारी गावात काढा. सारीहून देवरिया ताल दोन-अडीच किलोमीटरवर आहे, २४०० मीटरच्या आसपास, तिथे दुपारी चढून परत खाली येऊन झोपा. शरीराला उंचीची ओळख होते आणि तळ्यात चौखंबा शिखराचं प्रतिबिंब बघायला मिळतं ते वेगळंच. ऊखीमठला ओंकारेश्वर मंदिर आहे, हिवाळ्यात केदारनाथाची पूजा तिथे चालते, तेही बघून होतं. आणि एटीएमचं काम ऊखीमठलाच उरका, वर रोख लागते.

सामान

कॉटन नको. हे वाक्य दोनदा वाचा. आपला सह्याद्रीतला गणवेश म्हणजे कॉटनचा टीशर्ट आणि ट्रॅकपँट, घामाने ओला झाला की वर वाऱ्यात तो अंगावर बर्फाच्या पट्टीसारखा चिकटतो. आत थर्मल किंवा पॉलिस्टरचा घाम सुकणारा टीशर्ट, त्यावर फ्लीस, वरून वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. चालताना फ्लीस काढून बॅगेत टाका, थांबलात की लगेच घाला, घाम फुटेपर्यंत घालून ठेवू नका. पावसाळी पोंचो इथे आणू नका, धारेवरच्या वाऱ्यात तो पतंग होतो.

बूट घोट्याच्या वर येणारे, सोल कडक आणि दातेरी. आपल्या कातळावर चिकटून चालणारे मऊ सोलचे स्वस्त बूट इथे दोन कारणांनी मार खातात, एक तर ओले होतात आणि दुसरं म्हणजे मऊ सोल कडक बर्फात रुततच नाही. बुटांसाठी लगेच आठ-दहा हजार घालायची गरज नाही, चोपत्याला आणि सारीत बूट, काठ्या, स्पाइक्स (बुटावर चढवायची दातेरी साखळी) भाड्याने मिळतात. पण भाड्याचे स्पाइक्स घेताना रबर ताणून बघा, साखळीची प्रत्येक कडी बघा, आणि आपल्या बुटावर चढवून दहा पावलं चालून बघा. सैल स्पाइक बुटाच्या बाजूला सरकतो आणि नसल्यापेक्षा वाईट, कारण तुम्ही त्याच्या भरवशावर पाय टाकलेला असतो. हे काम आदल्या संध्याकाळी उजेडात करायचं, पहाटे टॉर्च तोंडात धरून नाही.

गॉगल शोभेचा नाही, यूव्ही ४०० लिहिलेला आणि बाजूने झाकणारा हवा. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो आणि डोळ्यांना त्याचा त्रास तेव्हा कळत नाही, संध्याकाळी वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. ढगाळ असलं तरी गॉगल काढायचा नाही. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावा, ऊन खालून येतं. हसू नका, परत आलेल्यांची नाकं बघा.

बाकी पटापट: हातमोज्यांचे दोन जोड, लोकरी मोज्यांचा एक जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून नडगीवर चढवायचं कव्हर; नसेल तर पँटची मोहरी बुटावर ओढून वरून इलॅस्टिक), हेडटॉर्च, दोन काठ्या. पॉवर बँक रात्री अंथरुणात घ्या, थंडीत बॅटरी उतरते आणि वर बरेच ठिकाणी वीज सोलरवर चालते. खाण्यात चिक्की, खजूर, शेंगदाण्याचे लाडू, गूळपोळी असेल तर फारच उत्तम. वाटेवरच्या टपऱ्या या दिवसात बंद असू शकतात, मॅगीच्या आशेवर राहू नका. पाण्याची बाटली बॅगेत उलटी ठेवा, पाणी वरून गोठायला लागतं, उलटी ठेवली की झाकण मोकळं राहतं.

किती वाजता निघायचं

आता वादाचा मुद्दा. चंद्रशिलेवरून सूर्योदय बघायचा म्हणून सगळे लीडर रात्री तीनला उठवतात. मे मध्ये, ऑक्टोबरमध्ये जरूर. पण उरलेल्या बर्फात, पहिल्यांदा स्पाइक्स घातलेल्या माणसाने, अंधारात, वाट सगळ्यात जास्त कडक असताना चढायचं हे मला पटत नाही. सूर्योदय चोपत्याच्या कुरणावरूनही सुंदर दिसतो. पूर्ण उजाडल्यावर, सहा-सव्वासहाला निघा. तुंगनाथला बर्फात तीन तास धरा, म्हणजे सव्वानऊ. चंद्रशिलेला अजून एक-सव्वा तास, साडेदहा. अकरा वाजता तुम्ही जिथे असाल तिथून मागे फिरायचं, शिखर वीस मिनिटांवर दिसत असलं तरी. हे अकरा वाजता वर उभं राहून ठरवायचं नसतं, आदल्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर बोलून ठेवायचं, कारण वर गेल्यावर कोणीच "नको" म्हणत नाही.

वाटेवर

गेटची कमान ओलांडली की सुरुवातीला बुरांशाचं जंगल. इथे बर्फ तुकड्या-तुकड्यात असतो आणि लोक स्पाइक्स बॅगेतच ठेवतात. पण पहिला धोका इथेच आहे, बर्फ नव्हे तर फरसबंदीवरचा पातळ, पारदर्शक थर, काल दुपारी वितळून रात्री गोठलेला. सावलीतल्या वळणांवर दगड ओला दिसतोय असं वाटतं आणि तो ओला नसतो. काठीच्या टोकाने ठोकून बघा, टक् असा आवाज आला की वाटेच्या कडेच्या खरबरीत बर्फावरून किंवा गवतावरून चाला.

जंगल संपून बुग्याळ, म्हणजे उंचावरचं कुरण, सुरू झालं की सलग बर्फ लागतो, स्पाइक्स चढवा. चढवायची जागा सपाट आणि बर्फ सुरू व्हायच्या आधीची निवडा, उतारावर एका पायावर उभं राहून नाही.

चालायचं कसं ते सांगतो. पावलं छोटी, आपण पायऱ्या चढताना टाकतो त्याच्या निम्मी. स्पाइक्स असताना चवड्यावर चढायचं नाही, अख्खा तळवा टेकवायचा म्हणजे सगळे दात लागतात. स्पाइक्स नसतील आणि बर्फ जरा मऊ असेल तर बुटाचं टोक दोनदा मारून खाच करायची आणि मग वजन टाकायचं. पुढच्या माणसाच्या खाचेतच पाय टाका, स्वतःची नवी वाट पाडायची हौस नको. पहिल्या माणसाचे फार हाल होतात म्हणून दर दहा मिनिटांनी पुढचा बदला.

आडवा उतार ओलांडायचा असेल, म्हणजे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी, तर डोंगराकडे झुकू नका. सगळे झुकतात, भीतीने आपोआप होतं ते, पण झुकलं की पाय बाहेरच्या बाजूला सटकतो. सरळ उभे रहा, वजन पायांवर, एका वेळी एकच गोष्ट हलवा: काठी, पाय, पाय. अशा टप्प्यावर एकेकाने जायचं, पुढचा पलीकडे पोहोचेपर्यंत मागच्याने थांबायचं, आणि मध्येच फोटोसाठी थांबवणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाकायचं (व्हॉट्सअ‍ॅपच्या पण). शॉर्टकट अजिबात मारू नका. या वाटेला नागमोडी वळणं आहेत आणि बर्फात दोन वळणांना जोडणारी सरळ रेघ पडलेली दिसते, ती कोणीतरी घसरत खाली आल्याची असते.

मोठे दगड, झुडपं, बंद टपऱ्यांच्या भिंती, यांच्या अगदी कडेने जाऊ नका. ऊन लागून ते तापतात आणि भोवतीचा बर्फ आतून पोकळ होतो, पाय मांडीपर्यंत जातो आणि आत दगडावर नडगी आपटते. बर्फाखालून ओढ्याचा आवाज येत असेल तर तिथेही तेच.

मंदिराच्या अलीकडे गढवाल विद्यापीठाच्या उंचावरच्या वनस्पतींच्या संशोधन केंद्राच्या इमारती दिसतात, तिथून मंदिर फार लांब नाही. आता एक गोष्ट आधीच मनाला सांगा, मंदिर बंद असणार. दिवाळीनंतर कपाट, म्हणजे मंदिराची दारं, बंद होतात, देवाची डोली खाली मक्कूमठला जाते आणि एप्रिलच्या शेवटी किंवा मे मध्ये परत येते. बाहेरून नमस्कार करा, आवारात आडोसा बघून बसा, खा, पाणी प्या, कोरडा टीशर्ट घाला.

इथेच ग्रुपकडे नीट बघा. कोणाचं डोकं दुखतंय, कोण खायला नको म्हणतोय, कोणाला मळमळतंय, कोण नेहमीपेक्षा गप्प आहे. चार हजारावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असतो, फिटनेसचा त्याच्याशी संबंध नाही, रोज सिंहगड करणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो आणि कधीच न चालणाऱ्याला होत नाही. डोकेदुखी आणि सोबत मळमळ किंवा चक्कर असेल तर त्या माणसाने वर जायचं नाही, कोणीतरी सोबत घेऊन खाली उतरायचं. गोळी घेऊन वर चढणं हा उपाय नाही, उतरणं हाच उपाय. डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासासाठी घेतात ती गोळी) घरून निघायच्या आधी डॉक्टरशी बोला, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. आदल्या रात्री थंडी आहे म्हणून "दोन घोट" हा प्रकार नको.

मंदिरापुढची चंद्रशिलेची वाट वेगळी आहे, फरसबंदी संपते आणि चढ तीव्र होतो. तुडवलेली वाट स्पष्ट दिसत नसेल तर नवख्यांनी तुंगनाथहूनच परत फिरावं. वाट असेल आणि बर्फ घोट्यापर्यंतच असेल तर जा. गुडघ्यापर्यंत जायला लागला की परत. वर पोहोचलात की नंदादेवी, त्रिशूल, केदार डोम, चौखंबा अशी रांग उभी असते आणि सगळे तिच्याकडे तोंड करून मागे मागे सरकत फोटो काढतात. धारेवरचा बर्फ वाऱ्याने पुढे वाढून खाली आधार नसलेली वळचण तयार झालेली असू शकते, वरून ती जमीनच वाटते. जिथे बर्फातून खडक वर आलेला दिसतोय त्याच्या पुढे जायचं नाही.

उतरताना

घसरणं बहुतेक इथे होतं. चढताना दम लागतो म्हणून माणूस हळू असतो, उतरताना गप्पा सुरू होतात. बर्फ मऊ झालेला असेल तर टाच आधी रोवायची, गुडघे किंचित वाकवलेले, नाक पायाच्या बोटांच्या वर. मागे रेललात की बसलातच. स्पाइक्सखाली ओल्या बर्फाचे गोळे चिकटतात आणि दात गायब होतात, दर थोड्या वेळाने काठीने बुटाच्या कडेला ठोकून झाडा. बसून घसरगुंडी करत खाली येणं रीलमध्ये छान दिसतं, पण खाली दगड कुठे झाकलेत माहिती नसताना आणि पायात स्पाइक्स असताना घोटा मोडायचा तो हमखास मार्ग आहे.

घसरलातच तर काठ्या सोडून द्या, लगेच पोटावर वळा आणि कोपरं, गुडघे बर्फात जोरात दाबा. पहिल्या दोन सेकंदात केलं तरच उपयोग होतो, वेग आल्यावर नाही. सकाळी पहिल्या सुरक्षित, छोट्या, खाली सपाटी असलेल्या उतारावर एकदा मुद्दाम करून बघा, हसतखेळत होतं आणि अंगात बसतं.

दुपारी एक-दीडपर्यंत चोपत्यात पोहोचलात की बूट-मोजे काढून पाय कोरडे करा. कचरा सगळा बॅगेतून खाली आणायचा, हा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात आहे, स्पीकर तर नकोच. मोनाल पक्षी दिसायचा असेल तर शांतताच लागते, नर इंद्रधनुष्यासारखा चमकतो आणि या दिवसात बर्फ सरकलेल्या गवतात खणत असतो.

परतीचं तिकीट काढताना हरिद्वारच्या गाडीआधी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. बर्फ पडला तर चोपत्याचा रस्ता बंद होतो, आणि खाली पाऊस झाला तर रुद्रप्रयागच्या रस्त्यावर दरड येते, जेसीबी येईपर्यंत सगळे चहा पीत उभे. दिवस उरलाच तर ऋषिकेशला घालवा.